टेंडरमध्ये एक कलम घाला

प्रति,
मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक,
पुणे.



वसमतला माझं संगणक जोडणीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मोंढ्यातल्या आडतींचे हिशेबाचे संगणक, लग्नाचे व्हिडिओ जोडणारे स्टुडिओ, फ्लेक्सवाले, पत्रिका छापणारे डीटीपीवाले, पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांनी मागे ठेवलेले जुने डबे, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. हे पत्र तुमच्या ‘बॉस’ या कार्यप्रणालीबद्दल आहे असं वरवर वाटेल. मला खरं बोलायचंय ते तुमच्या खरेदीबद्दल.

आधी इथली परिस्थिती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमच्या गावातल्या असेंबल मशिनी उघडून पाहिल्या तर चौथ्या-सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह सर्रास सापडतो, आणि मशीन स्टुडिओतलं असेल तर सोबत जीटीएक्स १०५० टीआय हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड २०१६ च्या ऑक्टोबरात बाजारात आलं. लहान गावांनी ते डोक्यावर घेतलं त्याला कारण आहे. त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटांत ते भागवतं. म्हणजे साधा एसएमपीएस चालतो, इन्व्हर्टरवर ताण येत नाही, आणि लगीनसराईत लाइट गेली तरी लावलेलं रेंडर थांबत नाही. एडियस या सॉफ्टवेअरवर लग्नाचा व्हिडिओ जोडणाऱ्याला याहून जास्त काही नको असतं.

ही कार्डं अजून धडधाकट आहेत. पंखा बदलला, थर्मल पेस्ट लावली की पुढची काही वर्षं निघतात. नड आहे ती ड्रायव्हरची.

पत्र खुलं आहे, आडतीच्या गादीवर बसलेलाही वाचेल, म्हणून त्याच्यासाठी सांगतो. विहिरीवरच्या मोटरला जसा स्टार्टर, तसा कार्डाला ड्रायव्हर. मोटर कितीही चांगली असो, स्टार्टरशिवाय पाणी नाही. हा ड्रायव्हर बहुधा कार्डाचा चिप बनवणारी कंपनीच लिहिते. विंडोजसाठी लिहिते, लिनक्ससाठी लिहिते. एनव्हिडियाने तर फ्रीबीएसडी या छोट्या प्रणालीलाही वीस वर्षांहून जास्त काळ ड्रायव्हर दिलाय, ही गोष्ट तिच्या टीकाकारांना सहसा आठवत नाही. हायकू, नेटबीएसडी असल्या मूठभर लोकांच्या प्रणालींसाठी मात्र कुणी कंपनी बसत नाही. तिथे लोकांनी स्वतः लिहावं लागतं, आणि स्वतः लिहायचं तर कार्ड आतून कसं चालतं ते माहीत असावं लागतं.

२०२५ मध्ये एनव्हिडियाने सांगून टाकलं की लिनक्ससाठीची ५८० ही ड्रायव्हरमालिका मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी शेवटची. जीटीएक्स ९०० आणि १००० या रांगा त्यात आल्या, म्हणजे आमचं १०५० टीआय आलं. विंडोजवरही या कार्डांसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर त्याच सुमारास थांबले. डिसेंबरात ५९० मालिका आली आणि तीत ही कार्डं नव्हती. जुन्या मालिकेला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून काही काळ मिळतील, हे खरं. पण एका बाजूने विंडोज १० गेलं आणि ज्या लिनक्सवर जावं तिथेही कार्डाचा रस्ता संपत आलेला. दोन्ही एका हंगामात.

यावर जाणकार म्हणतील, नूवो आहे की. नूवो म्हणजे कार्ड कसं वागतं ते बाहेरून न्याहाळून लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. २०१० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्येच, आहे. इथे गंमत आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय माझी मागणी कळणार नाही.

जीटी ७१० हे १०५० टीआयहून जुन्या केप्लर पिढीतलं स्वस्तातलं कार्ड. डीटीपीवाल्यांकडे अजून तेच आहे. कंपनीने त्याचा ड्रायव्हर केव्हाच थांबवला, पण नूवो त्याचा वेग वाढवू शकतो: एका फाइलमध्ये एक आकडा लिहायचा, की कार्ड वरच्या वेगाला जातं. हाताने करावं लागतं, पण होतं. दुसऱ्या टोकाला २०१८ च्या ट्युरिंगपासून पुढची कार्डं. त्यांच्यात जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर आहे, तो वेग, वीज, तापमान सांभाळतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. जीएसपीच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, तेही वाटायला मोकळं झालं आणि लिनक्स ६.७ पासून नूवो ते वापरू लागला. तीही सुटली.

अडकली ती मधली. ९०० च्या रांगेपासून, म्हणजे २०१४ च्या सप्टेंबरपासून, कंपनीने कार्डाच्या फर्मवेअरवर आपली डिजिटल सही सक्तीची केली. सही नसेल तर कार्ड ऐकत नाही. वेग बदलायचं काम कार्डातल्या पीएमयू या भागाकडे असतं. ग्राफिक्सचा भाग चालवण्यापुरतं सही केलेलं फर्मवेअर कंपनीने पुढे दिलं. पीएमयूचं, म्हणजे वेग वाढवण्याचं, नूवोच्या हाती दिलं नाही. परिणाम असा की कार्ड चालू होताना ज्या मंद वेगाला असतं त्याच वेगाला कायमचं राहतं. जुनं पळतं, नवं पळतं, मधलंच बसून राहतं, आणि खेड्यापाड्यांत नेमकं हे मधलंच जास्त.

टेबलावर हे कसं दिसतं तेही बघा. लगीनसराईच्या तोंडावर एक स्टुडिओवाला मशीन बगलेत मारून आला. भाच्याने त्याला लिनक्स टाकून दिलं होतं, दोन महिने बरं चाललं होतं, आदल्या रात्री अपडेट झालं आणि सकाळी पडदा काळा. वरच्या डाव्या कोपऱ्यात फक्त एक पांढरी दांडी लुकलुकत होती. “भाऊ, कार्ड उडालं का हो?” कार्ड उडालं नव्हतं. रात्री नवा कर्नेल आला होता. कंपनीचा ड्रायव्हर त्या कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो, हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते, आणि बांधताना ती मधेच आपटली होती. नोंदवहीत तिने तसं लिहूनही ठेवलं होतं, पण ती नोंदवही स्टुडिओवाला कशाला वाचतोय. मी सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नेल निवडला, सगळं उभं राहिलं. मग तो कर्नेल तिथेच खिळवून टाकला, अपडेट आलं तरी हलायचं नाही म्हणून. गिऱ्हाईक खुश होऊन गेलं. मला मात्र ठाऊक आहे की ते मशीन आता सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय इंटरनेटवर बसलंय. कुठलं लिनक्स, कुठलं कार्ड, हे मुद्दाम लिहीत नाही. कुणा एकाचं उणं काढायला ही जागा नाही.

हे आपटणं अपघाताने होत नाही. लिनक्सचा कर्नेल आपली आतली जोडणी प्रत्येक आवृत्तीत हवी तशी बदलतो, आणि ते धोरण म्हणून करतो. जो ड्रायव्हर कर्नेलच्या आत आहे, तो बदलणाऱ्यानेच सोबत दुरुस्त करायचा असतो. बाहेर असलेल्याला कुणी वाली नाही. त्याच्या कंपनीने मागोमाग धावायचं. कंपनी धावायची थांबली की काही काळ हौशी लोक ठिगळं लावतात, मग तेही दमतात. थोडक्यात, बंद ड्रायव्हर असलेल्या कार्डाचं आयुष्य त्याच्या चिपवर ठरत नाही, कंपनीच्या वेळापत्रकावर ठरतं.

उलट बाजूही आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरात कार्डांचे तांत्रिक कागद बाहेर द्यायला सुरुवात केली. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, कारण त्यातून उभा राहिलेला मुक्त ड्रायव्हर सुरुवातीची काही वर्षं यथातथाच होता. आज काय आहे? रेडिऑन एचडी ७००० रांगेतली २०१२ ची कार्डं घ्या. विंडोजवर एएमडीने त्यांचा सपोर्ट २०२१ मध्ये थांबवला. पण २०२५ च्या अखेरीस, लिनक्स ६.१९ साठी, त्याच कार्डांना नव्या ड्रायव्हरवर आणायचं काम झालं आणि त्यांचा वेग वाढला. हे काम केलं ते व्हॉल्व्ह या खेळ विकणाऱ्या कंपनीच्या लिनक्स ग्राफिक्स पथकातल्या एका अभियंत्याने. एएमडीला त्यासाठी पगारी माणूस बसवावा लागला नाही. कागद आणि कोड बाहेर होते, एवढंच. (लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये एनव्हिडियाला जाहीर शिवी दिली तो व्हिडिओ आमची पोरं अजून एकमेकांना पाठवतात. मला या २०१२ च्या कार्डांची हकिकत त्याहून जास्त बोलकी वाटते.)

छोट्या प्रणालींचंही असंच. फ्रीबीएसडीवर इंटेल आणि एएमडीची कार्डं चालतात ती लिनक्समधला खुला कोड उचलून आणल्यामुळे. हायकूवर कित्येक वर्षं फक्त साधं चित्र दिसायचं. एनव्हिडियाने ट्युरिंगपासूनचा भाग खुला केल्यावर एका स्वतंत्र विकासकाने तो हायकूवर आणून दाखवला. कंपनीला हायकू माहीत असायचीही गरज पडली नाही.

आता तुमच्याकडे येतो. ‘बॉस’ २००७ मध्ये आलं, डेबियनवर बेतलेलं, भारतीय भाषांसह. वापरणाऱ्यांच्या संख्येने पाहिलं तर आपल्याच देशात तीही एक कोपऱ्यातली प्रणाली आहे, हे तुम्ही मनातल्या मनात मान्य कराल. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण केलं. न्यायालयांनी मुक्त सॉफ्टवेअर मनावर घेतलं: देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत उबुंटू आलं, खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्यातल्याच एनआयसीच्या पथकाने केलं. केरळने शाळांमध्ये तेच धोरणाच्याही आधी केलं होतं. तिथे हे सुरळीत चाललं त्याचं एक साधं कारण कुणी सांगत नाही. कार्यालयातल्या संगणकाला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. इंटेलच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असतं आणि इंटेलचा ड्रायव्हर पहिल्यापासून खुला आहे. जिथे माणसाने पदरचे पैसे घालून कार्ड घेतलं, तिथे मुक्त प्रणाली तोंडावर पडते. म्हणजे शासनाचं काम निभतं आणि स्टुडिओवाल्याचं निभत नाही.

तुमची संस्था १९८८ मध्ये का उभी राहिली, ते तुम्हाला मी सांगायला नको. अमेरिकेने क्रे महासंगणक हवा तसा द्यायला नकार दिला, म्हणून आपला करायचा ठरला, आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कामाचे म्होरके डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पूर्ण्याहून निघणारी आमची रेल्वे वसमत, हिंगोली, वाशिम करत त्यांच्याच अकोल्याला जाते, त्यामुळे इकडे त्यांचा थोडा जास्तच अभिमान आहे. विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, याचा अनुभव देशात तुमच्याइतका कुणाला नाही.

आणि आज तुम्ही मोठे गिऱ्हाईक आहात. २०२० मध्ये जागतिक यादीत ६३ वा आलेला ‘परम सिद्धी-एआय’ एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभा आहे. २०२३ मध्ये ७५ वा आलेला ‘ऐरावत’ही तुमच्याच पुण्यात. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया-एआय मिशनला दहा हजार कोटींहून जास्त रुपये ठेवले गेले, आणि त्यातून खासगी पुरवठादारांमार्फत ३८ हजारांहून जास्त जीपीयू उपलब्ध झाल्याचं सरकारने सांगितलं. हे सगळं टेंडरने होतं. टेंडरमध्ये वीजवापर असतो, वॉरंटी असते, बयाणा रक्कम असते. मला त्यात एक कलम हवं आहे. मसुदा माझ्या भाषेत असा. कायद्याच्या भाषेत तुमची माणसं घालतील:

‘उत्पादक कंपनीने आपल्या कोणत्याही ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुरवणं थांबवल्यास, एका वर्षाच्या आत ते कार्ड त्याच्या पूर्ण वेगाने चालवण्यासाठी लागणारं सही केलेलं फर्मवेअर, कोणालाही वाटता येईल अशा परवान्याने, आणि त्याच्याशी संवाद करण्याची पद्धत सांगणारे कागद प्रसिद्ध करावेत.’

‘कोणत्याही’ हा शब्द मुद्दाम आहे. तुम्ही घेता ती कार्डं लाखांच्या घरातली, आमची काही हजारांची. पण बनवणारी कंपनी तीच आहे, आणि वसमतच्या स्टुडिओवाल्याच्या पत्राला ती उत्तर देणार नाही. तुमच्या टेंडरला देईल.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, दहा वर्षं जुन्या कार्डाला कंपनीने किती दिवस पोसायचं? बरोबर आहे. पास्कलला नऊ वर्षं ड्रायव्हर मिळाले, एवढं मोबाइलवालेही देत नाहीत. मी पोसा म्हणत नाहीये. जाताना किल्ली ठेवून जा म्हणतोय. दुसरा, सही सुरक्षेसाठी आहे. तेही खोटं नाही. बायोसमध्ये खाडाखोड करून जुन्या कार्डाला १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जोरात चालला होता, आणि असली कार्डं आमच्याकडेही ऑनलाइन मागवून आली आहेत; बॉक्स नवा, आत दहा वर्षांपूर्वीचा चिप. म्हणून सही काढा असं माझं म्हणणं नाही. सही ठेवा, फक्त वेग बदलणारं फर्मवेअर सही करून बाहेर ठेवा. ट्युरिंगपासून पुढे कंपनीने नेमकं तेच केलंय, तर मागच्या पिढ्यांसाठी ते अशक्य कसं? तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: सध्या बाजार विकणाऱ्याचा आहे. अमेरिकेतल्या बड्या कंपन्या आपल्या कित्येक पट माल उचलतात, आपण अट घातली तर रांगेत मागे जाऊ. असेल. पण या अटीची किंमत विकणाऱ्याला जवळपास शून्य आहे, आणि फुकटात देता येणारी गोष्ट मागायला लाजायचं कारण नाही. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. स्क्रू आणि सुटे भाग मिळाले म्हणजे दुरुस्ती झाली, असं कुणी अजून समजत असेल तर त्याने एकदा माझ्या टेबलाशी येऊन बसावं.

कलम घालायला वेळ लागेल, टेंडरं सावकाश निघतात. तोवर तुमच्या हातात असलेल्या दोन गोष्टी. ‘बॉस’सोबत एक यादी द्या, मराठीत, कुठलं कार्ड कुठल्या आवृत्तीवर तपासलं आणि काय चाललं, काय नाही याची. नुसतं ‘बहुतेक हार्डवेअर चालतं’ हे वाक्य दुकानात काही कामाचं नाही. त्यासोबत ५८० मालिका आणि ती ज्यावर बांधली जाते असा दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा कर्नेल, हे जोडपं तपासून, बांधून ठेवा. मी जे एकेका मशिनीवर हाताने खिळवतो ते तुम्ही एकदा नीट केलंत तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत राहतील आणि पडदाही काळा होणार नाही.

दुसरी, तुमच्या ‘ॲक्ट्स’मध्ये पदव्युत्तर पदविका करणारी शेकडो पोरं शेवटी प्रकल्प करतात. त्यातल्या चार-दोघांना नूवो आणि त्याच्या जोडीला चालणाऱ्या मेसा या मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअरवर बसवा. केप्लरचा वेग आपोआप बदलत नाही, हाताने बदलावा लागतो, हे मी वर सांगितलं. हे अर्धवट राहिलेलं काम आहे आणि त्याला कुणाची सही लागत नाही. ते पोराच्या नावाने जगभरच्या लिनक्समध्ये जाईल, आणि हजेरीपटाची आणखी एक वेबसाइट करण्यापेक्षा त्याला नोकरी लवकर लागेल.

तपासायला कार्डं लागतील. माझ्याकडे जीटी ७१०, ७३०, जीटीएक्स ७५० टीआय, ९५०, जीटी १०३० आणि १०५० टीआय आहेत, काही चालू, काही पंख्यावाचून पडलेली, आणि दोन नकली. नकली मुद्दाम जपून ठेवली आहेत, तुमच्या यादीत ती कशी ओळखायची हेही यावं म्हणून. माणूस पाठवा किंवा पत्ता कळवा, पार्सल करतो. फक्त हळदीच्या हंगामात पाठवू नका. मोंढा भरलेला असला की आडतींचे प्रिंटर रोज बिघडतात आणि मला मान वर करायला फुरसत नसते. श्रावणात या.

आपला,
वसमतचा एक संगणक दुरुस्तीवाला

ता.क. कलमाचा मसुदा इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयालाही पाठवतो आहे. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी सी-डॅककडे पाठवण्यात आला आहे’ असं त्यांचं उत्तर आलं, तर ते तुमच्या टेबलावर आधीच असेल, म्हणून हे पत्र पहिल्यांदा तुम्हाला.